निवडणुकीला उभं राहायचंय काका, कुठनं सुरू करू?

सोलापूर महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, ते पण ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, आणि तेव्हापासून ह्या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा नूरच बदललाय. आधी लोकं विचारायची घरपट्टीवर हरकत कशी घ्यायची, सातबाऱ्यावरचं नाव कसं दुरुस्त करायचं. आता विचारतात, पुढच्या वेळी मला उभं राहायचंय, काय करू. मी महसूल खात्यात असताना उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या टेबलामागं बसलेलो आहे, त्यामुळं जे सांगतो ते टेबलाच्या त्या बाजूनं सांगतो. कुठला पक्ष बरा ते मला विचारू नका, ते घरात पण मला कुणी विचारत नाही.

नीलम नगरमधून एक ताई लिहितात: काका नमस्कार. मी बचत गट चालवते, गल्लीतलं पाण्याचं, ड्रेनेजचं, रेशनकार्डाचं सगळं मीच बघते. बायका म्हणतात ताई तुम्ही नगरसेवक व्हा. पण पक्षवाले म्हणतात तिकीट वरनं ठरतंय. मग मी आधी पक्षात जाऊ का आधी फॉर्म भरायचं शिकू? वय ३४, दहावी नापास आहे, चालतंय का?

ताई, दहावीचं टेन्शन सोडा, नगरसेवकाला शिक्षणाची अटच नाही. वय २१ पूर्ण पाहिजे आणि नाव सोलापूर महापालिकेच्या मतदार यादीत पाहिजे. कुठल्या पण प्रभागात नाव असलं तरी दुसऱ्या प्रभागातनं उभं राहता येतं, फक्त सूचक आणि अनुमोदक म्हणून सही करणारे त्या प्रभागातलेच मतदार लागतात. इथं बऱ्याच जणांची गडबड होते, सूचक म्हणून मेव्हणा आणतात आणि तो निघतो शेजारच्या प्रभागाचा. सही घ्यायच्या आधी त्याचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः डोळ्यांनी बघा, तो सांगतोय म्हणून लिहू नका.

आता पक्षाचं. कायद्याला पक्ष लागत नाही, अपक्ष म्हणून कुणी पण उभं राहू शकतं. पण आपल्याकडं १०२ नगरसेवक आणि २६ प्रभाग आहेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार जागा, अ ब क ड, आणि २०११ च्या जनगणनेतली शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ धरली तर एका प्रभागात सरासरी ३६ हजारांच्या वर माणसं. तुमची गल्ली तुम्हाला ओळखते, पण प्रभाग म्हणजे अशा शे-दोनशे गल्ल्या. मतदाराला चार मतं द्यायची असतात, पक्षाचं पॅनेल असलं की तो एकच चिन्ह चार ठिकाणी शोधतो, अपक्षाला मात्र चारांतल्या एका जागेवर आपलं वेगळं चिन्ह लोकांच्या लक्षात ठेवायला लावायचं असतं. ते चिन्ह सुद्धा उशिरा मिळतं. ह्या वेळी माघारीची मुदत २ जानेवारीला संपली, ३ ला चिन्हं वाटली आणि १३ ला संध्याकाळी प्रचार थांबला. दहा दिवसांत कपबशी का शिलाई मशीन ते ३६ हजार लोकांच्या डोक्यात बसवायचं, आणि त्यात घरोघरी संक्रांतीची तयारी चाललेली. होत नाही असं नाही, पण फार कमी जणांना जमतंय.

पक्षाची उमेदवारी म्हणजे कागदावर एबी फॉर्म. ए फॉर्ममध्ये पक्ष सांगतो की उमेदवार ठरवायचा अधिकार अमक्याला दिलाय, आणि बी फॉर्ममध्ये तो अमका सांगतो की आमचा उमेदवार ही बाई. दोन्हीवर शाईची सही पाहिजे, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालत नाही, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. पक्ष तो मुद्दामच शेवटच्या दिवसापर्यंत दाबून ठेवतात, आधी दिला तर नाराज माणूस दुसऱ्या पक्षात जाऊन उभा राहतो म्हणून. त्यामुळं हुशार माणसं काय करतात, बाकीचे सगळे कागद आधी तयार ठेवतात, एक अर्ज पक्षाच्या नावानं आणि एक अपक्ष म्हणून भरतात, मग एबी फॉर्म आला तर आला. पक्षाच्या हापिसाबाहेर रात्रभर बसणारे आणि फॉर्म हातात पडल्यावर प्रतिज्ञापत्राला नोटरी शोधत पळणारे मी बघितलेत, तिकीट मिळून सुद्धा तीन वाजून पाच मिनिटं झालेली असतात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही एकदम करा. पक्षात जायचं तर आत्ता जा, जेव्हा कुणी विचारत नाही तेव्हा. आणि मतदार यादी विकत घ्या, मिळते ती, आणि तुमच्या प्रभागाची यादी गल्लीवार वाचून काढा. कोण मेलंय, कोण लग्न होऊन गेलंय, कुणाचं नाव दुसऱ्या भागात पडलंय हे ज्या बाईला तोंडपाठ आहे तिला पक्षवाले स्वतः फोन करतात. अजून एक, महिला राखीव जागा निम्म्या आहेत म्हणजे १०२ पैकी ५१, पण बाईनं फक्त महिला राखीवमधनंच उभं राहायचं असा नियम नाही. सर्वसाधारण जागेवर पण अर्ज भरता येतो. हे पुरुष कार्यकर्ते तुम्हाला सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो.

रे नगर, कुंभारीहून: आमचं आधी शहरात भवानी पेठेत भाड्याचं घर होतं, आता रे नगरात स्वतःचं घर मिळालं. आई विडी कामगार. मला महापालिकेला उभं राहायचंय कारण ओळखी सगळ्या भवानी पेठेतच आहेत. मतदान कार्ड इकडं ट्रान्सफर केलं तर चालेल का?

थांबा, लगेच ट्रान्सफर करू नका, आधी विचार करा. रे नगर कुंभारीच्या हद्दीत, दक्षिण सोलापूर तालुक्यात, म्हणजे महापालिकेच्या बाहेर. तिथं नाव नेलं की तुम्ही महापालिकेच्या यादीतनं गेला, आणि यादीत नाही तर उमेदवार नाही, विषय संपला. तिथं मग तुम्ही ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी ह्यांना उभं राहू शकता. उलट बाजूनं, कायदा म्हणतो की माणूस जिथं राहतो तिथंच त्याचं नाव पाहिजे, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणं हा गुन्हा आहे. राहायला कुंभारीत आणि नाव भवानी पेठेत असं ठेवलंत तर विरोधक हरकत घेणारच, आणि ती खोटी नसणार. म्हणजे तुम्हाला ठरवावं लागेल राहायचं कुठं आणि राजकारण करायचं कुठं. माझं मत विचाराल तर तुमची जागा आता रे नगर. तिथं हजारो घरांत एकदम नवी माणसं आली, २०२४ च्या जानेवारीत १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या, आणि रस्ता, बस, दवाखाना, शाळा सगळ्याचेच प्रश्न आहेत. भवानी पेठेत पुढारी खूप आहेत.

पत्ता बदलायला फॉर्म नंबर ८, नवीन नाव घालायला ६. आणि हे कधी करायचं ते महत्त्वाचं आहे, कारण महापालिका-झेडपीला वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी एका ठरलेल्या तारखेची उचलून तिचे प्रभागवार तुकडे करतात. ह्या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. मतदान जानेवारीत, यादी जुलैची. ऑगस्टमध्ये नाव घातलेला माणूस कार्ड हातात घेऊन आला आणि त्याला सांगावं लागलं बाबा तुझं नाव यादीत आहे पण ह्या यादीत नाही, त्याला ते काही केल्या पटत नव्हतं.

बाळे भागातून एक वाचक, मिसेससाठी विचारतात: आमच्या प्रभागात ओबीसी महिला जागा पडली तर मिसेसला उभं करायचा विचार आहे. तिचं माहेर इंडी तालुका, कर्नाटक. आमच्याकडं आमच्या जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) पण आहे. ती तिला चालेल ना?

नाही चालणार, आणि हा प्रश्न सोलापुरात जेवढा येतो तेवढा दुसरीकडं कुठं येत नसेल, कारण आपल्या निम्म्या सुना विजापूर, इंडी, आळंद, गुलबर्ग्याच्या. जात वडिलांकडनं येते, लग्नानं बदलत नाही. तुमचा दाखला आणि तुमची व्हॅलिडिटी तिच्या उपयोगाची नाही. आणि तिच्या वडिलांचा दाखला कर्नाटकाचा, तो महाराष्ट्रातल्या राखीव जागेला चालत नाही. तिकडं जात मागास असली आणि इकडं पण त्याच नावाची जात यादीत असली तरी नाही. तिला सर्वसाधारण महिला किंवा सर्वसाधारण जागेवर खुशाल उभं करा, तिथं जातीच्या कागदाचा संबंधच नाही. (आणि तुमच्या पत्रात "उभं करायचा विचार" असं लिहिलंय, तिचा विचार काय आहे ते कुठं दिसलं नाही. विचारून घ्या.)

ज्यांचं माहेर महाराष्ट्रातलंच आहे त्यांनी पण आत्तापासून कामाला लागा. राखीव जागेला जातीचा दाखला आणि जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. व्हॅलिडिटी हातात नसेल तर समितीकडं अर्ज केल्याची पावती आणि मुदतीत प्रमाणपत्र देतो असं हमीपत्र जोडून अर्ज भरता येतो, पण मुदतीत नाही दिलं तर निवडून आलेलं पद जातंय. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं ही मुदत पाळलीच पाहिजे असं सांगितल्यावर तिकडं कोल्हापूरचे नगरसेवक एकदम टांगणीला लागले होते. आणि पुरावे कसले मागतात, तर अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना खरेदीखत असलं काहीतरी. ज्यांचे आजे-पणजे मिलमध्ये नाहीतर मागावर कामाला तेलंगणातनं, कर्नाटकातनं आले त्यांना महाराष्ट्रातलाच जुना पुरावा शोधायला लागतो, आणि पणजोबा शाळेतच गेले नसतील तर मग बसा कोतवाल बुक (गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही) शोधत. ह्या वेळी आरक्षणाची सोडत ११ नोव्हेंबर २०२५ ला निघाली आणि अर्ज २३ डिसेंबरपासून घेतले. सोडत बघून मग व्हॅलिडिटीला पळालात तर हातात दीड महिना. सोडतीत काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून कागद सोडतीच्या आधी तयार पाहिजे, निघालं तर कामाला येईल, नाही निघालं तर पोराच्या ॲडमिशनला येईल.

लष्कर भागातून: तीन मुलं आहेत. तिसरं २००४ चं. कुणीतरी म्हणालं दत्तक देऊन टाक भावाला म्हणजे उभं राहता येतं.

नाही येत. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळं अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर महापालिका, नगरपालिका, झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत सगळीकडं अपात्र. जन्म दिलेली मुलं मोजतात, सांभाळ कोण करतंय ते नाही. एक मूल असताना दुसऱ्या बाळंतपणाला जुळं झालं तर ते एकच धरतात, तेवढी सूट आहे. विधानसभा-लोकसभेला ही अट नाही, म्हणजे तुम्ही नगरसेवक होऊ शकत नाही पण आमदार, खासदार होऊ शकता. हसू नका, कायदा तसाच आहे.

कन्ना चौकातून एक कामगार कार्यकर्ता: माझ्यावर मोर्चातले, रस्ता रोकोचे चार गुन्हे आहेत, केसेस चालू आहेत. उमेदवारी बाद होईल का?

केस चालू असणं म्हणजे अपात्र नाही. शिक्षा लागली तर प्रश्न, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सुटल्यावर पुढं सहा वर्षं आमदारकी-खासदारकीला उभं राहता येत नाही, आणि स्थानिक संस्थांच्या कायद्यात पण शिक्षेबद्दलच्या अटी आहेत. तुमचं काम एवढंच की प्रतिज्ञापत्रात सगळं लिहायचं. गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, कलम, कोर्ट. लपवलं तर मात्र निवडून आल्यावर सुद्धा विरोधक कोर्टात जातो. विधानसभा-लोकसभेला तर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आपल्यावरच्या केसेस पेपरात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर कराव्या लागतात, स्वतःच्या खर्चानं. सोलापूरला ह्याचं काय वाटत नाही, माकपचे नरसय्या आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ ला आमदार झाले ते लाल बावट्याच्या मोर्चातनंच. लोकं आंदोलनाचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा ह्यातला फरक बरोबर ओळखतात. पण फॉर्ममध्ये दोन्ही सारखेच लिहायचे. पोलीस ठाण्यात जाऊन आपल्यावर नक्की काय काय नोंद आहे ते काढून घ्या, कधीतरी २०१२ च्या मोर्चात नाव टाकलेलं असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, यंत्रमाग कारखानदाराचा मुलगा: खर्च किती येतो हो खरा? वडील म्हणतात चार माग विकू. टॉवेलचा धंदा तसा पण बसलाय.

माग विकू नका. आधी कागदावरचा खर्च सांगतो. महापालिकेला अनामत सर्वसाधारण जागेला पाच हजार, राखीवला अडीच हजार. खर्चाची मर्यादा आपली महापालिका ड वर्गातली म्हणून ९ लाख, मुंबई-पुण्याला १५ लाख. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढायचं, सगळा खर्च त्यातनंच करायचा. रिक्षा, भोंगा, मंडप, खुर्ची, चहा, नाश्त्याची प्लेट, सगळ्याचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं आणि त्या दरानं तुमचा खर्च लावतं, तुम्ही मित्राची रिक्षा फुकट आणली तरी. निकालापासून ३० दिवसांत हिशोब द्यायचा, आणि हा हिशोब हरलेल्यांनी पण द्यायचा असतो. हरलेला माणूस वैतागून घरी बसतो, हिशोब देत नाही, आणि मग पुढच्या निवडणुकीला कळतं आपण अपात्र झालोय. असली नावं यादीत बघून मला फार वाईट वाटायचं, मतांनी हरले ते हरले आणि वर कागदानं पण हरले.

आता तुम्ही "खरा" असं विचारलंय. खरा खर्च म्हणजे पाकिटं, जेवणावळी, मंडळांच्या वर्गण्या, देवदर्शनाच्या बस. पैसे वाटणं गुन्हा आहे हे तुम्हाला पण माहितीय आणि घेणाऱ्याला पण. माझं सरळ मत, ज्याला माग विकून उभं राहावं लागतंय त्यानं पुढच्या पाच वर्षांत ते माग परत कुठनं आणायचे ते आधी वडिलांना विचारावं. कारण एक रस्ता कायद्यानंच बंद आहे. महापालिकेच्या कामाच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा असला की नगरसेवकपद जातं. तुमच्या घरात कुणाचा मनपाकडं टेंडर-ठेका चालू असेल तर उभं राहायच्या आधी वकिलाला दाखवा. आणि कारखान्याची, घराची घरपट्टी-पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. पाणी चार-पाच दिवसांनी येतंय म्हणून मी पाणीपट्टी भरली नाही हे छाननीत सांगून उपयोग नसतो, राग कितीही खरा असला तरी.

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावातून: सरपंचपदाला उभं राहणार आहे. गावात म्हणतात सातवी पास लागतंय आणि संडास लागतोय.

दोन्ही खरंय. सरपंच थेट लोकांतनं निवडायचा, आणि १ जानेवारी १९९५ नंतर जन्म असेल तर सातवी पास पाहिजे, त्याच्या आधीचा जन्म असेल तर शिक्षण विचारत नाहीत. संडास घरी पाहिजे आणि वापरात पाहिजे, त्याचा दाखला जोडायचा. पण गावाकडं उमेदवारी ह्या दोन्हींवरनं कमी जाते, जाते ती अतिक्रमणावरनं. गायरानात, गावठाणाच्या सरकारी जागेत घर, गोठा, पत्र्याचं शेड असलं की अपात्र. माझ्या नावावर नाही, वडिलांच्या नावावर आहे, आम्ही फक्त राहतो असं म्हणून सुटका होत नाही, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय की अतिक्रमण केलेल्या घरात कुटुंबासोबत राहणारा पण त्यातच धरायचा. आणि ही तक्रार निवडून आल्यावर सुद्धा कलेक्टरकडं करता येते. तुमच्या विरोधकाला तुमच्या गोठ्याची जागा तुमच्यापेक्षा जास्त चांगली माहीत असते. तलाठ्याकडनं नकाशा काढून एकदा मोजून घ्या.

झेडपीचा शिक्षक असाल, ग्रामसेवक असाल तर नोकरी सोडून राजीनामा मंजूर झाल्याशिवाय काही नाही.

विजापूर रोडवरून, वय २४: नगरसेवक वगैरे नको, डायरेक्ट आमदारकीला अपक्ष उभं राहायचंय. प्रोसेस सांगा सर.

विधानसभेला २५ पूर्ण लागतात, छाननीच्या दिवशी मोजतात. पुढची विधानसभा २०२९ ला, तोपर्यंत वयाचा प्रश्न मिटतोय. हे राज्य निवडणूक आयोगाकडं नसतं, भारत निवडणूक आयोगाकडं असतं, त्यामुळं फॉर्म वेगळे, नियम वेगळे. महाराष्ट्रातल्या कुठल्या पण मतदारसंघात तुमचं नाव असलं तरी शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण कुठनं पण उभं राहता येतं, तिन्ही खुले आहेत. (लोकसभेची सोलापूरची जागा मात्र २००९ पासून अनुसूचित जातीला राखीव आहे.) मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, अपक्षाला दहा, आणि ते दहाच्या दहा त्याच मतदारसंघातले. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीला पाच हजार, आणि पडलेल्या वैध मतांचा एक षष्ठांश हिस्सा मिळाला नाही तर जप्त. खर्चाची मर्यादा ४० लाख.

जास्त अर्ज कशात बाद होतात ते सांगतो, कारण अपक्ष पोरं तिथंच मार खातात. नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र असतं, त्यात मालमत्ता, कर्ज, केसेस, शिक्षण, बायकोची मालमत्ता सगळं. एक पण रकाना मोकळा सोडायचा नाही. नसेल तर "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं, रेघ मारून पुढं जायचं नाही. मोकळा सोडला तर अधिकारी आधी नोटीस देतो, भरून दे म्हणतो, तरी नाही दिलं तर बाद. दुसरं म्हणजे शपथ. अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाच्या आधी शपथ घ्यायची असते, अर्ज देतानाच तिथं अधिकाऱ्यासमोर घेतली की झालं. पण लोकं अर्ज देतात, फोटो काढतात, हलग्या लावून पार्क चौकातनं रॅली काढतात आणि शपथ राहते. अर्ज सूचकाच्या हाती पाठवला आणि स्वतः आला नाही तर हे हमखास होतंय. छाननीच्या दिवशी सकाळी येऊन शपथ घेतो म्हटलं तर घेता येत नाही. तिसरं, सूचकांतला एक जण यादीतला नंबर चुकवतो नाहीतर आदल्या रात्री कुणाच्यातरी सांगण्यावरनं फिरतो, म्हणून चार संच भरायची परवानगी आहे ती वापरा, वेगवेगळे दहा-दहा सूचक घालून. अनामत एकदाच भरायची असते.

प्रोसेस ही एवढीच. ती कठीण नाही, त्यानंतरचं तुमचं तुम्ही बघा. पण २४ व्या वर्षी महापालिकेला तुम्ही आत्ता पण पात्र आहात आणि तिथलं "नको" कशासाठी ते तुम्ही लिहिलं नाही. २०२७ ची जनगणना झाली की प्रभाग परत नव्यानं पाडले जाऊ शकतात, पुढच्या महापालिकेला विजापूर रोडचा नकाशा आजचाच राहील असं धरून कुणी बसू नये, म्हणजे आज जे नगरसेवक आहेत त्यांना पण नवीन गल्ल्यांत स्वतःची ओळख करून द्यावी लागणार.

होटगी रोडवरून एक डॉक्टर: निवडणूक न लढवता नगरसेवक होता येतं का?

येतं, स्वीकृत म्हणून. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, शिक्षणक्षेत्रातली माणसं, संस्थांचे पदाधिकारी अशांना ती जागा ठेवलेली असते, ठरलेल्या वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. सभागृहात बसता येतं, बोलता येतं, मतदान करता येत नाही आणि महापौर होता येत नाही. किती स्वीकृत कुणाचे ते पक्षांच्या संख्याबळावर ठरतं आणि नाव गटनेता देतो. तुमच्या दवाखान्यात गटनेत्यांपैकी कुणी पेशंट असेल तर बघा.